शहापूरहून आग्र्याच्या पुढं: अनोळखी ट्रॅक शिकताना

धसईहून सरळगाव, किन्हवली करत शहापूर गाठलं की मुंबई-आग्रा महामार्ग लागतो. पुढं फारसं विचारावं लागत नाही. कसारा घाट चढायचा, नाशिक-धुळं मागं टाकायचं, सेंधव्यापाशी सातपुडा ओलांडायचा, इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर करत आग्रा गाठायचं आणि तिथून यमुना एक्स्प्रेस-वे धरायचा. त्याच एक्स्प्रेस-वेच्या कडेला, ग्रेटर नोएडाजवळ, बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. भारतात फॉर्म्युला वनची शर्यत भरली ती याच ट्रॅकवर. आमच्या तालुक्याच्या वेशीवरून निघालेला रस्ता देशातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीच्या ट्रॅकपर्यंत नेतो, सुमारे १३०० किलोमीटर. आपली रोजची गाडी घेऊन त्या ट्रॅकवर शिकायला जायचं, असं मी आणि माझ्या भाच्यानं ठरवलं.

त्याला कारण माळशेज घाट. पावसाळ्यात शनिवार-रविवारी कल्याण-मुरबाड-टोकावडे रस्त्यावर मोटरसायकलींची जी रांग लागते, ती इकडच्या प्रत्येकानं पाहिली आहे. धुकं, दरडीचे दगड, धबधब्याखाली थांबलेली माणसं, मधेच उभ्या असलेल्या गाड्या, आणि त्यातून वाकून वळणं घेणारी पोरं. भाच्याला गाडीचं वेड आहे. त्याला वेगापासून तोडायचं म्हटलं तर तो तुटणार नाही, हे मला कळत होतं. वेगाची जागा दाखवावी आणि वेग शिकायचा कसा असतो तेही दाखवावं, असं मनात होतं. अशा ट्रॅकवर स्वतःच्या गाडीनिशी प्रशिक्षण घेण्याचे दिवस आयोजक अधूनमधून जाहीर करतात. वाहन परवाना, चांगल्या स्थितीतली गाडी, हेल्मेट आणि फी एवढं असलं की साध्या हॅचबॅकलाही प्रवेश मिळतो.

वाटेवरचे धडे

शिकणं कसारा घाटातच सुरू झालं. वळणाकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एका बिंदूत मिळताना दिसतात. आपण पुढं जाऊ तसा तो बिंदू आपल्याबरोबर पुढं सरकत राहिला, तर वळण उलगडतंय. तो एका जागी थांबून आपल्याकडं येऊ लागला, तर वळण आवळतंय आणि वेग कमी करायला हवा. कडेची झाडं, कठडा आणि विजेचे खांबही रस्ता कुठं वळणार ते थोडं आधी सांगतात. पण खांबांची रांग कधी कधी सरळ निघून जाते आणि रस्ता बाजूला वळतो, म्हणून भरवसा डांबराच्या कडांवरच ठेवायचा. घाटातला जुना ट्रकचालक हे नाव न घेता करत असतो. ट्रॅकवरही पहिलं काम हेच.

इगतपुरीनंतर रस्ता मोकळा होतो. शिरपूरच्या अलीकडे तापी आणि खलघाटला नर्मदा ओलांडली की माळवा लागतो. मानपूर-महूच्या पुढं डावीकडं पीथमपूर आहे. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा लंबगोल वेगवान ट्रॅक आहे. त्याचं उद्‌घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी केलं. हा ट्रॅक शर्यतीसाठी बांधलेला नाही. त्याची वळणं बाहेरच्या अंगाला इतकी उचललेली आहेत की गाडी सलग मोठ्या वेगात ठेवून इंजिन, टायर आणि स्थैर्य तपासता येतं. तिथं कस लागतो गाडीचा. आम्ही निघालो होतो त्या जागी चालवणाऱ्याचा कस लागतो.

पुढं गुना-शिवपुरीचा लांब पट्टा आणि मग ग्वाल्हेर. महादजी शिंद्यांच्या फौजांनी तुडवलेला हा मुलूख. मुरैनाच्या पुढं चंबळेचा पूल, मग धौलपूर, मग आग्रा. यमुना एक्स्प्रेस-वे १६५ किलोमीटरचा, सिमेंटचा आणि बहुतेक सरळ. कारला वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. तापलेल्या सिमेंटवर जुने, कमी हवेचे टायर फुटून इथं अपघात झालेले आहेत, म्हणून टोलनाक्यापाशी हवा तपासून घेतली. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त वाकतात आणि त्या वाकण्यानंच टायर तापतो. हा धडा दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर उलट्या अंगानं पुन्हा भेटला.

गाडी थांबवून पाहिलेला ट्रॅक

बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटर लांबीचं, १६ वळणांचं आहे आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं धावतं. आखणी जर्मन स्थापत्यकार हर्मान टिल्के यांची. पहिली इंडियन ग्रां प्री ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही वर्षी सेबास्टियन वेटेल जिंकला, आणि २०१३ मध्ये त्याचं चौथं जगज्जेतेपद इथंच पक्कं झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटरसायकलींची मोटोजीपी शर्यतही इथं आली, ती मार्को बेझेकीनं जिंकली. हे सगळं भाच्याला तोंडपाठ होतं. ट्रॅक मात्र त्यालाही अनोळखी होता.

अनोळखी ट्रॅक शिकण्याची पहिली पायरी गाडीत बसण्याच्या कितीतरी आधी येते. नकाशा काढायचा आणि वळणांना क्रमांक द्यायचे. गाडीतून घेतलेली चित्रफीत बघायची, पण करमणुकीसारखी नाही. मधेच थांबवून पुढचं वळण डावं की उजवं, ते तोंडानं म्हणायचं. डोळे मिटून सोळाच्या सोळा वळणं क्रमानं सांगता आली की नकाशा मनात उतरला. हल्ली व्यावसायिक चालक हे काम सिम्युलेटरवर करतात. चित्रफितीत दोन गोष्टी मात्र कळत नाहीत. एक चढ-उतार, कारण कॅमेरा रस्ता सपाट करून दाखवतो. दुसरी रस्त्याची पकड.

त्यासाठी पायी फिरायचं. सकाळी गाड्या सुटायच्या आधी पहिल्या काही वळणांपर्यंत चालत जायची मुभा मिळाली. ट्रॅकवर चालताना सगळ्यात आधी जाणवते ती रुंदी. टीव्हीवर पट्टीसारखा दिसणारा ट्रॅक प्रत्यक्षात आपल्या घाटरस्त्याच्या दुपटीपेक्षा रुंद आहे. मग दिसतो चढ. पहिल्या वळणापासून तिसऱ्यापर्यंत जमीन साधारण १४ मीटर उचलली जाते. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी उभं राहिलं तर वळणाचा आतला कोपरा दिसतो, पण त्याच्यापलीकडचं काही दिसत नाही. गाडीत बसलेल्याला तर समोर नुसतं आकाश दिसणार.

भाचा खाली बसून डांबरावर हात फिरवत होता. गाड्या जिथून नेहमी जातात तिथं डांबर काळपट आणि किंचित चिकट लागतं, कारण टायरचं रबर त्यात बसलेलं असतं. तिथून दीड-दोन मीटर बाहेर हात ठेवला की तळव्याला बारीक धूळ लागते आणि झिजलेल्या टायरच्या काळ्या गोळ्या बोटांखाली घरंगळतात. त्यांच्यावर चाक गेलं की पकड सुटते. आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीवरून उडणारी धूळ इथं कायमची पाहुणी आहे. २०११ च्या पहिल्या शर्यतीतही ठरलेल्या रेषेबाहेरच्या धुळीची चालकांना धास्ती होती. वळणाच्या आतबाहेर रंगवलेले उंचवटे असतात, त्यांना कर्ब म्हणतात. काही बसके, काही उंच. कशावरून चाक न्यायचं आणि कशाला शिवायचंही नाही, हे पायानं चाचपून ठरवायचं. पायी फिरताना पाहिलेलं दुपारच्या वेगात उपयोगी पडतं, कारण तेव्हा तपासायला वेळ नसतो.

रेषा म्हणजे काय

आमचे प्रशिक्षक कोल्हापूरचे निघाले, आणि त्याचं नवल वाटायला नको. मोटर स्पोर्टची मराठी मुलुखातली राजधानी म्हणायची तर ती कोल्हापूरच. मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक तिथं आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झाल्या आहेत, आणि ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी, कृष्णराज महाडिक ही कोल्हापूरची पोरं राष्ट्रीय शर्यतींत उतरलेली आहेत. प्रशिक्षकांनी हिंदीतला वर्ग संपवला आणि आमच्यापाशी येऊन म्हणाले, "दादा, आता आपल्या भाषेत सांगतो. गाडी डोळ्यामागनं जाती. जिथं बघशिला तिथं जाशिला. भिंतीकडं बघितलं की भिंतीत."

मग त्यांनी पाटीवर एक वळण काढलं. वळणात गाडी किती वेगानं टिकेल, हे टायरच्या पकडीवर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरतं. पकड बदलत नाही असं धरलं, तर त्रिज्या दुप्पट झाल्यावर वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढवता येतो. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ७५ किलोमीटरनं निघत असेल, तर १०० मीटर त्रिज्येचं त्याच टायरवर १०५ च्या आसपास निघेल. म्हणून ट्रॅकची सगळी रुंदी वापरायची. बाहेरच्या कडेनं यायचं, आतल्या कोपऱ्याला शिवायचं आणि पुन्हा बाहेरच्या कडेला सुटायचं. रस्ता तोच राहतो, गाडीचा मार्ग मात्र मोठ्या वर्तुळाचा होतो. आतल्या कोपऱ्याच्या त्या बिंदूला एपेक्स म्हणतात.

नवख्यासाठी ते एक नियम जोडतात: एपेक्स उशिरा घ्या. म्हणजे वाटतं त्यापेक्षा थोडं उशिरा वळायचं आणि आतल्या कोपऱ्याला त्याच्या मध्यापुढं शिवायचं. त्यानं सुरुवातीला वेग थोडा कमी होतो, पण बाहेर पडताना समोर रस्ता शिल्लक असतो. लवकर वळलं तर आत जाताना सोपं वाटतं आणि बाहेर पडताना ट्रॅक संपतो. अनोळखी वळणात उशिराचा एपेक्स म्हणजे हातात ठेवलेली शिल्लक.

ब्रेकचं गणितही त्यांनी तिथंच सांगितलं. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. म्हणजे ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तर १४ मीटर गेले. म्हणून "साधारण तिथं" ब्रेक मारणं ट्रॅकवर चालत नाही, खूण ठरवलेली हवी. वळणाआधी कडेला अंतराच्या पाट्या असतात. शिवाय झेंडे दाखवणाऱ्या मार्शलची चौकी, कर्बची सुरुवात, डांबरातला जोड, कुंपणाचा खांब. खूण स्थिर असावी. सावली, उभी गाडी, छत्रीखाली बसलेला माणूस खूण म्हणून चालत नाही, कारण ते हलतात. प्रत्येक वळणाला तीन खुणा लागतात: ब्रेकची, वळायची आणि एपेक्सची. चौथी बाहेर पडण्याची, ती पहिल्या तीन नीट बसल्या की आपोआप सापडते.

गाडीत बसल्यावर

गाडी आधी रिकामी केली. पायाखालचे मॅट, पाण्याच्या बाटल्या, जॅक-पाना, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं उतरवलं. ब्रेक लागल्यावर सैल वस्तू पुढं येते आणि पेडलखाली बाटली अडकली तर ब्रेक बसत नाही. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पातळ तळाचे बूट, हेल्मेट. सीट नेहमीपेक्षा पुढं आणि सरळ, म्हणजे ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहतो आणि मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकतं. टायरच्या हवेचा उलटा धडा इथं होता. ट्रॅकवर टायर पटकन तापतात, आतली हवा फुगते आणि दाब वाढतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर लगेच गरम टायरचा दाब मोजायचा आणि वाढलेला थोडा सोडायचा. घरी निघताना थंड टायरमध्ये हवा पुन्हा पूर्ववत भरायला विसरायचं नाही.

मग झेंडे. पिवळा म्हणजे पुढं धोका, वेग कमी, ओलांडायचं नाही. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या उभ्या करायच्या जागेत, या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. पिवळ्यावर उभे लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. काळा-पांढरा चौकटीचा म्हणजे सत्र संपलं. प्रशिक्षणाच्या दिवशी ओलांडणं फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्यानं हातानं खूण केल्यावर. हे नियम ऐकताना भाचा म्हणाला, "मामा, इथं घाटापेक्षा जास्त शिस्त आहे." खरोखरच आहे. सगळ्या गाड्या एकाच दिशेनं, समोरून कोणी नाही, आडवं जनावर नाही, प्रत्येक वळणाला माणूस, बाजूला मोकळी जागा, आणि रुग्णवाहिका तयार. एवढी राखण असूनही २०११ च्या पहिल्याच सराव सत्रात एक कुत्रा ट्रॅकवर आला आणि सत्र थांबवावं लागलं होतं. मग उघड्या रस्त्याची खात्री कोणी द्यावी?

पहिल्या फेऱ्या प्रशिक्षकाच्या गाडीमागून. वेग मुद्दाम कमी. त्यानंतर त्यांनी आम्हाला एकाच गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो पाय न लावता फिरायला लावलं. गाडी तिसऱ्यात ठेवायची आणि ॲक्सिलरेटर वेळेवर सोडूनच वळणाचा वेग साधायचा. गिअरची धांदल संपली की डोळे मोकळे होतात. ब्रेक नाही म्हटल्यावर वळण दुरून ओळखावं लागतं. या पद्धतीनं ट्रॅक जितका लवकर डोक्यात बसला, तितका वेगानं फिरून बसला नसता.

फॉर्म्युला वनच्या गाडीनं या ट्रॅकवर शर्यतीत नोंदवलेली सर्वांत वेगवान फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांची आहे, वेटेलची, २०११ सालची. म्हणजे सरासरी ताशी २११ किलोमीटर. साध्या गाडीला तेवढ्याच फेरीला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तो जास्तीचा वेळ शिकणाऱ्याच्या उपयोगाचा असतो.

वळणावळणानं

सोळा वळणं एकदम शिकता येत नाहीत. ट्रॅकचे तुकडे पाडायचे आणि महत्त्वाचं वळण आधी घ्यायचं. महत्त्वाचं कुठलं? ज्याच्यापुढं सर्वांत लांब सरळ पट्टा आहे ते. बुद्ध सर्किटवर ते तिसरं. त्याच्यापुढं एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, आधी खाली उतरणारा आणि चौथ्या वळणाशी पुन्हा चढणारा. तिसऱ्यातून बाहेर पडताना ताशी पाच किलोमीटर जास्त मिळाले, तर ते त्या अख्ख्या पट्ट्यावर पुरतात.

तिसरं उजवं, चढावरचं आणि आंधळं आहे. तोंडाशी ट्रॅक मुद्दाम रुंद केलेला आहे, म्हणजे आत शिरायला अनेक वाटा दिसतात आणि बहुतेक चुकीच्या असतात. सकाळी चालताना आतल्या कर्बच्या शेवटी एक ठळक डाग हेरून ठेवला होता. चढामुळं गाडी आपोआप मंदावते, म्हणून ब्रेक कमी लागतो. थोडा धीर धरून, उशिरा वळून, तो डाग खिडकीखालून गेला की समोरचं आकाश सरकतं आणि सगळा सरळ पट्टा एकदम उघडतो. तो दिसल्याशिवाय ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, एवढाच नियम. रस्ता दिसल्याशिवाय वेग नाही, हे एका वळणात अंगात मुरतं.

चौथ्या वळणाचा चढ ब्रेकला मदत करतो. तिथून बाहेर पडल्यावर मात्र उतार आहे आणि उतारावर गाडी बाहेर फेकली जाते. पाचव्यापासून नवव्यापर्यंतची वळणं एकमेकांत गुंतलेली आहेत. अशा जोडवळणांत पहिलं सोडून द्यायचं आणि शेवटचं साधायचं. पहिल्यात हावरेपणानं वेग घेतला की गाडी दुसऱ्याच्या चुकीच्या बाजूला सापडते. बुद्धिबळात शेवटच्या खेळीवरून मागं मोजत यावं, तसं बाहेर पडायच्या जागेपासून मागं मोजत यायचं आणि आत शिरायची जागा ठरवायची.

दहावं-अकरावं हे लांबलचक उजवं वळण या ट्रॅकचं वैभव आहे. बाहेरची कड उचललेली, त्यामुळं गाडी रस्त्यात दाबली जाते आणि पकड वाढते. स्टिअरिंग एकदा वळवून तसंच धरून ठेवायचं आणि ॲक्सिलरेटरनं गाडी आतबाहेर करायची. किंचित सोडला की नाक आत येतं, किंचित दिला की गाडी बाहेर सरकते. वजन पुढच्या चाकांवर गेलं की पुढची पकड वाढते आणि मागं गेलं की कमी होते, हे पुस्तकात वाचलेलं तिथं हाताला कळतं. पुढची डावी-उजवी वळणं आणि मग सोळावं, तिथून पिटसमोरचा सरळ पट्टा.

काही फेऱ्यांनंतर ब्रेकचं पेडल थोडं मऊ लागायला लागलं. वारंवार जोरात ब्रेक लावल्यानं ब्रेक ऑइल तापतं आणि त्यात बुडबुडे होतात, ही त्याची खूण. तेव्हा लगेच वेग उतरवून एक फेरी सावकाश मारायची, वाऱ्यानं ब्रेक थंड करायचे आणि पिटमध्ये येऊन हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये उभी करायची. प्रत्येक सत्रानंतर वहीत लिहायचं: कुठली खूण बसली, कुठली बदलायची. पुढच्या सत्रात एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

वहीचा हा महिमा जुना आहे. १९५५ च्या १ मे रोजी स्टर्लिंग मॉस इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत मर्सिडीज घेऊन उतरला. ब्रेशाहून रोम आणि परत, सुमारे १६०० किलोमीटर साधे सार्वजनिक रस्ते. एवढी वळणं कोण लक्षात ठेवणार? शेजारी बसलेला पत्रकार डेनिस जेन्किन्सन यानं आधी तो रस्ता पुनःपुन्हा फिरून टिपणं काढली, ती सुमारे पाच मीटर लांब कागदी गुंडाळीवर लिहिली आणि शर्यतीत ती उलगडत हाताच्या खुणांनी मॉसला पुढचं वळण सांगत गेला, कारण गाडीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंद, सरासरी ताशी १५७ किलोमीटरहून जास्त. त्या शर्यतीत तो विक्रम कधी मोडला नाही. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, भीषण अपघातात स्पर्धकांबरोबर रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि मुलंही मेली आणि वेगाची ती शर्यत बंद पडली. इटलीनं ते शिकायला फार मोठी किंमत मोजली: उघड्या रस्त्यावर शर्यत नको.

परतीच्या वाटेवर

परतताना यमुना एक्स्प्रेस-वेवर भाचा गाडी चालवत होता, काटा शंभराच्या आत. त्याला काही सांगावं लागलं नाही. वेग काय असतो, थांबायला किती जागा लागते आणि पकड कुठं संपते, हे ज्याला एकदा नीट कळतं, त्याला रस्त्यावर वेग दाखवायची गरज उरत नाही. ट्रॅकवर आपण रुंदीचा प्रत्येक हात वापरतो. घाटात आपली फक्त एक लेन असते, पलीकडची समोरून येणाऱ्याची. ट्रॅकवरची रेषा माळशेजात चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचा रस्ता चोरणं. ट्रॅकवरून रस्त्यावर आणायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: लांब पाहणं, वळणाआधी ब्रेक पूर्ण करणं, दिसेल तेवढ्याच वेगात जाणं, टायरची हवा.

आता समृद्धी महामार्गही शहापूर तालुक्यातून जातो. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा सरळ, रुंद रस्ता आमच्या पोरांच्या दारात आला. त्यावरची कारची वेगमर्यादा ताशी १२० आहे. पण त्याच्यावरही झोपलेला चालक, बंद पडलेला ट्रक आणि फुटणारा टायर आहेच.

राष्ट्रीय शर्यती आजवर मुख्यतः तीन ठिकाणी भरत आल्या: कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक आणि हा बुद्ध. पिंपरी-चाकण, नाशिक, वाळूज इथं देशाच्या गाड्या बनवणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलाला वेग शिकायला हजार-तेराशे किलोमीटर जावं लागतं. कोल्हापूरनं दाखवून दिलं आहे की पोरं आहेत, हौस आहे आणि हातही आहेत. शासनानं आणि वाहन उद्योगानं मिळून सामान्य चालकाला परवडेल असा, राष्ट्रीय दर्जाचा एक ट्रॅक राज्यात उभा करावा. मुरबाड-शहापूर भागातल्या दुचाकीस्वारांना माझं सांगणं एवढंच: तो ट्रॅक येईपर्यंत पैसे साठवा, वर्षातून एकदा कुठल्याही ट्रॅकवर रीतसर प्रशिक्षण घ्या, आणि माळशेज घाटात आपल्या लेनमध्ये, दिसेल तेवढ्याच वेगात गाडी चालवा.